बैलांकडं दार असलेली कोपी

लुगो, स्पेन
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय जिनत,

फोनवर आपण बोलतोच. पण जे विचारायचं आहे ते फोनवर काढलं की मागून रघू ओरडतो, गहिनी काहीतरी शोधत येतो, आणि मी "बरं, पाऊस काय म्हणतोय" असं काहीतरी बोलून मोकळी होते. म्हणून पत्र. तशी आपली सवय जुनीच. ऊसतोडीच्या हंगामात मी माय-बापूंबरोबर कारखान्यावर असायचे आणि तुझं आंतरदेशीय मुकादमाच्या नावानं यायचं. सगळ्या गाडीतळावर पत्र येणारी पोरगी मी एकटीच.

तीन वर्षांत हा आमचा चौथा देश. डेन्मार्क, स्कॉटलंड, पोर्तुगाल आणि आता हे. पाटोद्याच्या डोंगरावर गहिनी पवनचक्क्यांचं काम शिकला तेव्हा हा माणूस मला एवढं फिरवील असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. परवा पोरांना त्याचं काम दाखवायला घेऊन गेले. डोंगराच्या कण्यावर ओळीनं चक्क्या. त्यातल्या एकीचं पातं खाली सोडून थांबवलेलं, आणि त्या पात्यावर दोराला लटकलेला एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे गहिनी. पात्याच्या चिरा बुजवत होता. खालून ढग गेला आणि ठिपका दिसेनासा झाला. रघूनं माझा हात घट्ट धरला. गोदा मात्र मान वर करून उभी होती. ढग सरेपर्यंत तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

गोदाबद्दलच लिहायचंय. ती नऊची झाली. इथल्या शाळेत पाच आठवडे झाले आणि तिनं वर्गात एक शब्द उच्चारलेला नाही. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. पण मी घरी येऊन नळाखाली भांडी धरून तशीच उभी राहिले. प्रत्येक देशात पोरगी बोलायला लागते न लागते तोच आम्ही सामान बांधतो. आमच्याशी मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षराला अडखळते.

तुझ्याकडं ठेवशील का तिला? जूनपासून, पाचवीला. तुझ्या अम्मीनं, जैनबचाचीनं मला ठेवून घेतलं होतं तसं. माझ्या आयुष्यातलं ते सोन्याचं वर्ष, जिनत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मला तुमच्या घरी सोडून माय-बापू तोडीला गेले. रोज गरम पाण्यानं आंघोळ, चाचीनं घातलेल्या दोन घट्ट वेण्या, सलीमचाचांच्या दुकानात टायरच्या ढिगावर बसून पाढे. आणि मग अर्ध्या हंगामात माय आली आणि मला घेऊन गेली. का, तर तिला करमेना. ती गेली त्याला पाच वर्षं झाली, पण एवढी एक गोष्ट मी तिला माफ केलेली नाही. तेवढं वर्ष राहू दिलं असतं तर!

गोदाच्या बाबतीत मी तेवढी कच्ची पडणार नाही. गहिनीला हे पटत नाही, पण म्हणतो, तू ठरव. मी तुझ्या उत्तरावर ठरवणार आहे.

तुझी,
तेजू


युसूफ वडगाव
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय तेजू,

सलाम. पोस्टमन हनुमाननं पत्र शाळेतच आणून दिलं. त्यावरचं तिकीट पोरांनी एवढं हाताळलं की पाकीट चुरगळून गेलं. एक जण म्हणाला, "मॅडम, हे विमानात बसून आलंय? एकटंच?"

हो. हजार वेळा हो. पाठव गोदाला.

मी पत्र वाचलं आणि मुजाहिदला नुसतं सांगितलं. त्यानं कलिंगडं तशीच गाड्यावर सोडली आणि रंग घेऊन आला. पोपटी! मी म्हटलं, अहो पोरगी येणार जूनमध्ये. तर म्हणे, "रंगाचा वास जायला येळ लागतो." आमचा सद्दाम पुण्याला शिकायला गेल्यापासून ती खोली कांद्यांची झाली होती. आता कांदे जिन्याखाली गेलेत.

शाळेची काळजी करू नकोस. जोडाक्षरं मी महिन्यात बसवीन. आमच्याकडं सध्या अर्धा वर्ग रिकामाच आहे. हंगाम चालू आहे ना. दर वर्षी दिवाळीआधी मी दारोदार फिरते, "पोरं ठेवून जा, वसतिगृह आहे, आम्ही आहोत." काही जण ठेवतात. काही जण म्हणतात, "मॅडम, तुमचं खरं हाय, पण धाकट्याला कोन संभाळील?" आणि टायरगाड्या निघतात. गाडीच्या मागं पाय सोडून बसलेली माझी पोरं मला हात करतात. मी प्रत्येकाचं शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात देते. तिकडच्या शाळेत दाखवलं की वर्गात बसवतात. आई ते कार्ड साखरेच्या डब्यात ठेवते.

अम्मी बरी आहे. जरा विसरते.

तुझ्या त्या वर्षाबद्दल काय लिहू? मी दोनदा वाचलं. तू सुखात होतीस असं तुला वाटतं हे वाचून बरं वाटलं.

गोदाला विचारलंस का?

तुझी,
जिनत


लुगो
२४ मार्च २०२४

प्रिय जिनत,

विचारलं. आणि मी अजून त्या उत्तरातून बाहेर आलेले नाही.

मला वाटलं होतं रडेल, पाय आपटेल. मी किती तयारी केली होती! तुझे फोटो, सलीमचाचांच्या दुकानाची गोष्ट, पोपटी खोली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. आणि जेवायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःच तयारी सुरू केली. खिडकीजवळचा पलंग रघूला देऊन टाकला. रोज संध्याकाळी जोडाक्षरं गिरवते. मला सांगावं लागत नाही. रघूला समोर बसवून शिकवते. मी दाराआडून ऐकलं. "नवीन घरात गेलास की पहिल्या दिवशी संडासचा दिवा कुठंय ते बघायचं. मग बाहेर जाऊन एक झाड धरायचं. ते झाड लक्षात ठेवायचं. शाळेत कुणी हसलं तर ते तुला हसत नसतात, तुझ्या बुटांना हसतात. मग ते थांबतात." रघू चार वर्षांचा. त्यानं विचारलं, "किती दिवसांनी?" गोदानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "नऊ."

जिनत, नऊ! तिनं मोजले आहेत. चार देशांत, प्रत्येक वेळी. आणि आम्हाला कधी सांगितलं नाही.

मी गहिनीला म्हटलं, बघ, किती शहाणी पोरगी आहे, तू उगाच घाबरतोस. तो दोराची गाठ तपासत बसला. ती गाठ तीच तीच चार वेळा तपासली.

दोन जूनची तिकिटं काढली. मी तिला सोडायला येईन, आठ दिवस राहीन, आणि परत फिरीन.

मीही अशीच शहाण्यासारखी राहिले होते ना गं तुमच्याकडं?

तुझी,
तेजू


युसूफ वडगाव
१५ एप्रिल २०२४

तेजू,

तुझा शेवटचा प्रश्न मी चार दिवस घेऊन फिरते आहे. वर्गात, चुलीपाशी, खोलीचा दुसरा हात देताना. तिसरी भिंत अर्धी झाली आणि ब्रश खाली ठेवला. आता जे लिहिते आहे ते तेहतीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

नाही. तू शहाण्यासारखी राहिली नव्हतीस. म्हणजे, पहिले काही दिवस राहिलीस. तुझ्या मायनं, विमलमावशीनं विचारलं, "राहशील का गं?" तर तूही "बरं" म्हणाली होतीस. अगदी असंच. मी शेजारी उभी होते.

गाड्या गेल्या. तू जेवायचीस, शाळेत यायचीस, अम्मी वेणी घालायची. मग दिवाळीनंतर तुझं बोलणं कमी कमी होत गेलं. शाळा सुटली की तू रस्त्याच्या मोरीवर जाऊन बसायचीस. कुठलीही टायरगाडी आली की डोळे मिटून आवाज ऐकायचीस. तुमच्या गाडीचं डावं चाक कुरकुरायचं, अब्बांनी कितीदा वंगण घातलं तरी. तू ते चाक ऐकत होतीस.

पौषात तू पूर्ण गप्प झालीस. वीस-बावीस दिवस एक शब्द नाही. अम्मी म्हणायची, "कावून बोलंना बेटा? काय दुखतंय?" अब्बांनी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं, तेजू. एकटीला मला. एका दुपारी आपण टायरच्या ढिगावर बसलो होतो आणि मी तुला म्हणाले होते, "तुझी माय आता न्हाई येणार. तुला आमाला देऊन टाकलंय. आता तू माझी बहीण." मला बहीण हवी होती गं. मला वाटलं, असं सांगितलं की तू मोरीवर जायची थांबशील. तू थांबलीस. बोलायचीही थांबलीस.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. अम्मीला नाही, मुजाहिदला नाही.

शेवटी अम्मीनं बुरखा चढवला, तुझा एक हात धरला, माझा एक, आणि एसटीत बसली. तिच्या आयुष्यात ती अंबाजोगाईच्या पुढं कधी गेली नव्हती. हातात मुकादमाच्या नावाची चिठ्ठी. दोन एसट्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी कारखाना गाठला. आणि गाडीतळ बघून अम्मी मटकन खाली बसली.

तू ते लहानपणापासून बघितलेलं. मी पहिल्यांदा बघत होते. पाचटाच्या झोपड्या, तुमच्या कोप्या, नजर पोचेल तिथपर्यंत. सगळ्या सारख्या. हजार असतील, जास्तही. उसाच्या मळीचा वास, धूर, बैल, आणि माणूस जवळजवळ नाहीच, सगळे फडात गेलेले. एक म्हातारा भेटला. अम्मीनं विचारलं, "केजकडची मानसं कुठंशिक हायेत?" तो म्हणाला, "बाई, हितं सगळं बीडच उतरलंय. कोनतं केज?"

अम्मी रडकुंडीला आली. आणि तेवढ्यात तू तिचा हात सोडलास.

तू चालायला लागलीस. पळत नव्हतीस. चालत होतीस, जशी आपल्या गल्लीतून घरी जातेस तशी. त्या वर्षीची ती कोपी तू बघितलेलीही नव्हतीस, कारण ती तुझ्या माघारी उभी राहिली होती. आम्ही मागून धावतोय. तू दोन रांगा ओलांडल्यास, डावीकडं वळलीस, आणि एका कोपीत शिरलीस. मी दारात पोचले आणि आत बघितलं. भिंतीला तुझी जुनी परकर-पोलकी बांधून ठेवलेली होती. तीच कोपी.

मी नंतर तुला विचारलं, कसं ओळखलंस? तू म्हणालीस, सगळे दार वाटेकडं करतात, माय दार बैलांकडं करते. रात्री बैलांनी मान हलवली तर घुंगरू आत ऐकू यावं म्हणून.

हजार कोप्या, तेजू. मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. वाचायला येतं की नाही, पाढे येतात की नाही, एवढंच तपासते. त्या दिवशी तुला जे येत होतं त्याचा पेपर मी आजवर काढू शकलेले नाही.

पुढचं ऐक. मावशी फडात होती. तू कुणाला काही न विचारता चूल पेटवलीस. पीठ काढलंस. अम्मी "सरक, मी करते" म्हणाली तर तिला हातानं बाजूला केलंस. नऊ वर्षांची होतीस. दिवस कलायला लागला तेव्हा विमलमावशी डोक्यावर बैलांसाठी उसाच्या वाढ्याचा भारा घेऊन येताना दिसली. आपल्या कोपीतून धूर निघतोय बघून ती धावत सुटली. तिला वाटलं, पेटलं. दारात आली आणि तशीच उभी राहिली. डोक्यावरचा भारा खाली टाकायचा असतो हेही ती विसरली.

तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "माय, मीठ कुठं ठेवलंस?"

बावीस दिवसांनंतरचं तुझं पहिलं बोलणं.

त्यानंतर तुला ताप भरला, चार दिवस उतरला नाही. म्हणून तुझ्या मनातून ते पुसलं गेलं असावं. परीक्षेला मावशी स्वतः तुला घेऊन आली, तीन दिवस आमच्याकडं राहिली आणि तुम्ही दोघी परत गेलात. शिष्यवृत्तीच्या यादीत तुझं नाव आलं तो अभ्यास तू त्या कोपीत केला होतास.

आणि "मला करमेना म्हणून मीच पोरीला नेली" हे मावशीनं गावात मुद्दाम सांगितलं. परक्याच्या घरात पोरीला जीव लावला नाही, असं कुणी अम्मीला म्हणू नये म्हणून. तिनं तो दोष स्वतःवर घेतला आणि तुलाही तेच सांगितलं. शेवटपर्यंत.

अम्मीला आता सकाळचं जेवण आठवत नाही. पण रोज दिवेलागणीला विचारते, "तेजूला तिच्या मायकडं पोचवलं का?" मागच्या पत्रात हे मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सगळंच लिहावं लागलं असतं. आणि मला गोदा हवी होती. रंग लावताना मला कळलं, टायरच्या ढिगावर बसलेली ती पोरगी अजून माझ्यात आहे.

मी पुढच्या दिवाळीतही दारोदार जाईन आणि "ठेवून जा" म्हणेन. कारण तिथं पोरं पहाटे चारला उठून फडात जातात, धाकट्याला सांभाळतात, आणि कार्ड साखरेच्या डब्यातच राहतं. तुझ्या गोदाचं तसं नाही. पण ठरवायचं तुलाच आहे. फक्त तिला परत एकदा विचार. आणि "बरं" म्हणाली तर ते उत्तर धरू नकोस.

रागावलीस तरी लिही.

जिनत


लुगो
९ मे २०२४

जिनत,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यातच बसले. शेजारच्या आजी वरून आल्या, माझ्या शेजारी पिशवी ठेवून थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

मी आठवायचा प्रयत्न केला. कोपी आठवत नाही. एसटी नाही. चाचीचा हात नाही. पण मीठ म्हटल्याबरोबर मला एक नारळाची करवंटी दिसली, दाराच्या डाव्या कुडात खोचलेली. माय मीठ त्यात ठेवायची. जमिनीला ओल असते म्हणून. बस, एवढंच. बाकी सगळं तुझ्या पत्रावर मानते.

तेहतीस वर्षं मी माझ्या मायला कच्ची समजत होते.

तुझ्यावर राग? नऊ वर्षांच्या पोरीवर कसला राग काढू? माझ्या घरात एक आहे. ती परवा रघूला म्हणाली की हिवाळ्यात चंद्र आपल्या मागं मागं देश बदलतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. गोदा जूनमध्ये जाणार हे बाईंना सांगायचं म्हणून गेले होते, आणि काय सांगायचं ते मलाच ठाऊक नव्हतं. मधली सुट्टी होती. बाई म्हणाल्या, थांबा, आधी इकडं या. मला खिडकीपाशी नेलं.

वर्गात तीन आठवड्यांपूर्वी एक नवीन मुलगी आली आहे. लांबच्या कुठल्या देशातून. भाषा येत नाही, पहिला दिवस बाकाखाली बसून रडत काढला. खिडकीतून मला दिसलं, गोदा तिचा हात धरून चालली आहे. तोंडातून शब्द नाही. नळापाशी थांबली, नळ कुठल्या बाजूला फिरतो ते दाखवलं. भिंतीचा एक कोपरा दाखवला, तिथं सुट्टीत ऊन येतं. मग मैदानाच्या कडेला एका झाडापाशी गेली आणि त्या मुलीचा पंजा झाडावर ठेवला. आणि तसाच दाबून धरला, बराच वेळ.

बाई म्हणाल्या, "हे रोज. मी हिला बोलतं करायच्या मागं लागले होते. ही काय करते आहे ते मला दिसलंच नाही."

घरी येताना मी तिला विचारलं. तू म्हणालीस तसं. "गोदा, तू बरं का म्हणालीस?"

"तू रडत होतीस. भांडी घासताना."

"आणि तुला काय वाटतं?"

ती चालत राहिली. मग म्हणाली, "मी तिकडं राहिले तर पुढच्या घरात रघूला झाड कोण धरून देणार? तू सामान काढत असतेस. बाबा वर असतो."

मी रस्त्यातच तिला कवेत घेतलं. ती म्हणाली, "आई, लोक बघतायत." आणि हसली. "नऊ दिवसांनी थांबतात."

तिकिटं बदलली. दोन जूनला आम्ही चौघंही येतोय, पूर्ण महिना. जोडाक्षरं त्या महिन्यात बसव, तुझा हक्क आहे. जुलैमध्ये आम्ही फिनलंडच्या वरच्या टोकाला जाणार. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हणे. गोदानं विचारलं, "मग झोपायचं कधी हे झाडाला कसं कळतं?" तुझ्या पोरांना विचारून ठेव.

पोपटी खोली पुरी करायला मुजाहिदभाऊंना सांग. आणि चाचीला माझं नाव सांगू नकोस, मी येऊनच सांगते.

तुझी बहीण,
तेजू


युसूफ वडगाव
२८ मे २०२४

तेजू,

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचणार नाही, मला माहीत आहे. तरी लिहिते. बंद घरात पडून राहील, आणि तुम्ही परत गेल्यावर गोदा पाकीट उघडील. तिला वाचता येईल असंच लिहिते आहे, जोडाक्षरांसकट.

चौथी भिंत काल झाली. मुजाहिद म्हणतो, "महिन्याचे पाहुणे का असंनात, रंग तर पक्का हाय." पलंग कुठं ठेवायचा यावरून आमचं भांडण झालं. तो म्हणाला, पंख्याखाली. मी दारासमोर ठेवला. दार अंगणाकडं उघडतं आणि अंगणात शेळी असते. तिच्या गळ्यात घंटा आहे.

गाड्या सगळ्या परतल्या. माझा वर्ग भरला होता, आता सुट्ट्या आहेत. शेवटच्या दिवशी मी मुलांना पाढे विचारले नाहीत. विचारलं, "तिकडं तुमची कोपी तुम्ही कशी ओळखता?" तेजू, शाळा सुटली तरी हात खाली येत नव्हते.

झाडाचा प्रश्न सुट्टीत अंगणात खेळायला येणाऱ्या पोरांना विचारला. मुंजाजी म्हणून एक आहे, सात वर्षांचा. तो म्हणाला, "मॅडम, झाड झोपतंच न्हाई, ते राखण करतंय."

आज दिवेलागणीला अम्मीनं नेहमीचं विचारलं. "तेजूला तिच्या मायकडं पोचवलं का?" आजपर्यंत मी "हो, हो, जेव आता" म्हणून वेळ मारून न्यायचे. आज तिच्या खाटेवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. ढिगावर मी काय बोलले होते तेही. तिनं ऐकलं. किती कळलं, अल्ला जाणे.

"पोचवलं, अम्मी," मी म्हटलं. "तूच पोचवलंस."

ती म्हणाली, "मीठ सापडलं का तिला?"

"सापडलं."

"मग आता तू पन जेव," म्हणाली.

जिनत